उचगावच्या कोरांटीचं बी

५ फेब्रु. १९७९
उचगावला गेले होते. बांधावरची रानातली निळी कोरांटी पार उपटून टाकलीय, रस्ता रुंद होतोय म्हणे. दरवर्षी आपणहून फुलायची, फुलपाखरं नुसती भिरभिरायची तिच्यावर. उपटलेल्या ढिगातून बोंडं वेचली. मूठभर बी निघालं. एवढंच आता.

१० मे
शाळेमागच्या कोपऱ्यात फुलपाखरांची बाग करू, अशी मोठ्या बाईंच्या मागे भुणभुण लावलीच होती. आज त्या वैतागून म्हणाल्या, "जूनमध्ये रोपं दिसली तर बाग. नाहीतर मुलींचा सायकल स्टँड." मी हो म्हणून मोकळी. परसात वाफा केला, सगळं बी पेरलं. थोडं राखून ठेवायला हवं होतं. माझं नेहमीचंच.

२४ मे
चौदा दिवस. काही नाही. माती पांढरी पडून कडक झालीय, टिचकी मारली तर वाजते.

२५ मे
कळलं. ताण्याच्या सुताला लावून उरलेली खळ आप्पा रोज पाणी घालून वाफ्यात ओततायत.
"तांदळाची हाय गं. ताकद लई असती तिच्यात."
सूत ताठ करायची खळ, ती मातीला सोडेल होय? स्वतःच्या बापाला इतकं बोलू नये, पण बोलले. ते मागावर जाऊन बसले. जेवलेही नाहीत नीट.

२६ मे
सकाळी बघते तर आप्पा वाफ्यापाशी उकिडवे. कोमट पाणी शिंपडत, खळ लावायचा कुंचा मातीवरून हळू फिरवत होते, तुटलेला धागा हुडकावा तसे. पापुद्रा निघाला. खाली पांढरे कोंब, दुमडलेले, पण जिवंत.
"आल्यात बघ," म्हणाले.
हुश्श. मला रडू आलं. चहा केला, त्यांच्या कपात साखर जास्त.

२० जून
सतरा रोपं शाळेत लावली. मोठ्या बाई स्वतः झारी घेऊन उभ्या. सायकल स्टँडचं नाव नाही. जीव भांड्यात पडला.

९ ऑग.
मोठ्या बाईंनी वर्गातून बोलावून घेतलं. हातात कीड मारायच्या पावडरीचा डबा. "तुमच्या रोपांना कीड लागलीय."
धावत गेले. दोन रोपांच्या पानांची चाळण, वर काळे काटेरी सुरवंट निवांत चरतायत. इतका आनंद झाला की बाईंचा हातच धरला. म्हटलं, यांच्यासाठीच तर लावलीय. यांचीच फुलपाखरं होतात.
त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं. "आणि सगळीच खाल्ली तर?"
बियांचं एक बोंडही शिल्लक नाही, हे त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, पुन्हा फुटतात.
"सोमवारपर्यंत वाट बघू. नाहीतर पावडर," म्हणाल्या, आणि डबा माझ्याकडे दिला.
फुटतात का, ते मला तरी कुठं माहीत आहे.