नकार कुणाचा

फॉल रिव्हर
रविवार, १० नोव्हेंबर १९९१

देओलिंदा ताईस,

बरी असशील. असशीलच, कारण पहाटेपासून माझ्या डोक्यावर खुर्च्या सरकवतेस ते ऐकू येतं. आम्हीही बरे आहोत. आर्मिंदोची कंबर धरली होती, ती सुटली. तुझ्या मोरीचा नळ गळतो आणि ओल माझ्या छताला येते. आर्मिंदो पान्हा घेऊन वर आला की दार उघड. माझ्या नवऱ्याशी तुझं भांडण नाही.

एक जिना चढून बोलता येईल ते कागदावर लिहितेय, याचं मलाच हसू येतं. पण समोरासमोर आलो की तू मान फिरवतेस आणि माझा आवाज चढतो. अक्षराला नावं ठेवू नकोस. शाळेत चार वर्षं काढली, त्यातलं निम्मं तूच माझ्या पाटीवर लिहून दिलं होतंस.

उद्या साओ मार्टिन्योचा सण. भाजायला चेस्टनट आणून ठेवलेत. या वर्षी किडके फार निघाले.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी तू लाँड्रीतल्या मतदानाच्या सुनावणीला आली नाहीस, डोकं दुखतं म्हणून कळवलंस. तिथे सगळं तुझ्याभोवतीच चाललं होतं. युनियन हवी म्हणणाऱ्यांची आणि नको म्हणणाऱ्यांची मतं सारखी पडली. सारखी म्हणजे युनियन हरली, असा कायदा आहे म्हणे. उरलं तुझं एक मत. मतदानाच्या दिवशी कंपनीच्या माणसाने हात वर केला, ‘ही आमची सुपरवायझर, हिचं मत धरू नका’ म्हणाला, आणि तुझी चिठ्ठी पाकिटात चिकटवून ठेवली ती अजून तशीच आहे. तू साहेबीण ठरलीस तर ते पाकीट कचऱ्यात. मग युनियन मागते ते जाड हातमोजेही गेले. हॉस्पिटलच्या चादरीतून सुया येतच राहणार, आपण त्या पातळ रबरातून चादरी झटकतच राहणार. ग्रासाच्या बोटात सुई गेली त्याला चार महिने झाले. पोरगी अजून रक्त तपासायला जाते आणि घरी मुलाचा पापा घेत नाही. तुला हे माहीत आहे. तिच्या बोटाला फडकं तूच बांधलं होतंस.

तू मत कुणाला दिलंस ते मी विचारणार नाही. कंपनीला ते पाकीट उघडायला नको आहे, एवढं मला दिसतं.

शुक्रवारी कंपनीच्या वकिलाने तुझा पांढरा कोट टेबलावर मांडला. म्हणजे तुझाच नाही, तसलाच कोरा. म्हणाला, बाकीच्या बायकांना निळे कोट आणि हिला पांढरा का? कुणी कुठल्या यंत्रावर उभं राहायचं ते कोण सांगतं? मी म्हटलं, देओलिंदा सांगते. तो खूश झाला. मी म्हटलं, सकाळी ऑफिसातून कागद येतो तो वाचून सांगते. मग त्याचं तोंड पडलं. दुभाषी लिस्बनची आहे. आपलं बेटावरचं पोर्तुगीज ऐकलं की लिंबू चावल्यासारखं तोंड करते, पण इंग्रजी झटपट करते.

मग त्याने विचारलं, ‘दोन वर्षांपूर्वी तुम्ही रजा मागितली होती. ती कुणी नाकारली?’

मी दुभाषीला प्रश्न पुन्हा सांगायला लावला. सुनावणीवाल्या बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, सोमवारी सुट्टी, बाकीचं मंगळवारी. तेवढ्यावर सुटले.

बाहेर युनियनचा माणूस मागे लागला. ‘इल्दा मावशी, ऑफिसने नाकारली एवढंच सांगा.’ मी म्हटलं, मला काय माहीत कुणी नाकारली? मला जिन्याखाली उभं करून ‘नाही’ म्हणाली ती माझी बहीण. मी हात वर करून शपथ घेतली आहे, देवाची. तुझ्या युनियनची नाही. मग त्याने मला नीट समजावलं. जो स्वतःच्या डोक्याने ठरवतो तो सुपरवायझर. वरचा निरोप खाली आणून देतो तो आपल्यासारखाच कामगार, कोट कुठल्याही रंगाचा असो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. ती रजा कसली होती ते वकिलाने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तुला आठवत असेल. बेटावरून रोझालिना काकीचा फोन आला होता की आईने खाणं सोडलं, दोघींपैकी एक तरी या. मी हातातलं गाठोडं तसंच टाकून तुझ्याकडे आले. तू वर ऑफिसात गेलीस. बराच वेळ लागला. खाली आलीस ती कोटाची बटणं लावत. म्हणालीस, ‘नाही जमणार. माणसं कमी आहेत. मी ठरवलंय.’ हे तुझेच शब्द, ताई. मी ठरवलंय. आई पुढच्या आठवड्यात गेली. खांदा द्यायला शेजारचे होते.

त्या दिवसापासून मी तुझ्याशी धड बोलले नाही. मला वाटलं, हिला खुर्ची प्यारी. आईने तुझा त्या कोटातला फोटो सांतो क्रिस्तोच्या तसबिरीजवळ लावला होता. येईल त्याला दाखवायची, माझी थोरली अमेरिकेत साहेबीण आहे म्हणून. मला वाटलं, तो फोटो सांभाळायला हिने आईलाच सोडलं.

पण शुक्रवारपासून एक गोष्ट टोचतेय. तूही गेली नाहीस. तू थोरली. आईचा जीव तुझ्यावर. रजा देणं तुझ्या हातात होतं, तर तू स्वतःला का नाही दिलीस?

तेवढं मला सांग. तूच ठरवलं असशील तर मंगळवारी मी तसं सांगेन. मग पाकीट कचऱ्यात गेलं तरी चालेल, ग्रासाच्या शिव्या मी खाईन. आणि ठरवणारा दुसरा कुणी असेल, तर दोन वर्षं मी कुणावर दातओठ खातेय ते मला कळू दे.

दाराखालून कागद सरकवते. चेस्टनट बाहेर ठेवलेत, मांजर आलं तर हाकल.

इल्दा


मंगळवार, रात्री

ताई,

तीनदा दार वाजवलं. आत दिवा आहे, तू आहेस, मला कळतं. म्हणून पुन्हा कागद.

कागदाला तुझं उत्तर आलं नाही तेव्हा मी चिडले. सकाळी आर्मिंदोला म्हटलं, बघ, ही बाई मेली तरी कबूल करायची नाही. तो म्हणाला, आधी कॉफी पी. तिथे पोचले तर तू आधीच येऊन बसलेली, कोट घालून, केस बसवून, शनिवारी लग्नाला जावं तशी. म्हटलं, ही तो कोट वाचवायला आली.

मला वकिलाने परत तेच विचारलं. मी खरं तेच सांगितलं. ‘“नाही” मला हिने ऐकवलं. ते कुणाचं होतं ते मला माहीत नाही. ही बसली आहे, हिला विचारा.’ मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

मग तुला बोलावलं. सुपरवायझर झाल्यावर पगार किती वाढला, असं युनियनच्या माणसाने विचारलं. तू म्हणालीस, ‘कोट मिळाला. एक बटण कमी होतं. ते मी शिवलं.’ मागे ग्रासा हसली. मलाही हसू आलं, पण तू हसली नाहीस.

आणि मग रजेचं. ताई, तुझंच बोलणं तुला काय सांगू. पण मी ते दोनदा ऐकलं, एकदा तुझ्या तोंडून आणि एकदा त्या लिस्बनच्या पोरीच्या तोंडून, आणि दुसऱ्यांदा इंग्रजीत ऐकताना तिचा आवाज चिरकला. तू वरच्या ऑफिसातल्या हॅलोरनसाहेबाच्या टेबलापाशी उभी राहून आधी दोघींची रजा मागितलीस. मग म्हणालीस, एकीला द्या, धाकटीला, मी दोघींचं काम करते. त्याने मान वर न करता सांगितलं, कुणालाच नाही, गेलात तर परत येऊ नका.

वकील उठला. ‘मग बहिणीला “मी ठरवलंय” असं का सांगितलंत?’

तू खुर्ची मागे सरकवलीस. मला वाटलं उठून जातेस. मग म्हणालीस, ‘जिना उतरताना मला लाज वाटली. हिची नोकरी जाऊ नये, आणि आपली बहीण वर जाऊन हात जोडून आली आणि कुणी मान वर केली नाही, हे हिला कळू नये. म्हटलं, राग यायचा तर माझा येऊ दे. हिला राग आवरतो, लाचारी सोसवत नाही.’

मला राग आवरतो असं कुणी सांगितलं तुला?

आणि आईचं तू तिथे बोललीस. मला कधीच सांगितलं नव्हतंस की शेवटी तुझं तिच्याशी फोनवर बोलणं झालं. आई म्हणाली, ‘तुला कोण अडवणार ग, तू तर साहेबीण.’ आणि तू म्हणालीस, ‘काम फार आहे, आई.’ सुनावणीवाल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. वकील खाली बसला.

तू उठलीस आणि चालायला लागलीस. मी मागून हाक मारली, तू बस पकडलीस. बाहेर केवढं गार होतं, आणि तू नुसत्या स्वेटरवर.

निकाल लिहून यायला काही आठवडे लागतील. युनियनचा माणूस खूश आहे, पण खूश राहायचाच त्याला पगार मिळतो. पाकीट उघडेल तेव्हा उघडेल. सगळे तुझ्या चिठ्ठीकडे बघतील आणि तुझं गुपित राहणार नाही, याचं मला वाईट वाटतं. पण ग्रासाने मला आज विचारलं, देओलिंदा मावशींना गोड पाव आवडतो का. मी म्हटलं, साखर जास्त असेल तर.

ओल वाढते आहे. नळ आजच बघायला हवा, आर्मिंदो पान्हा घेऊन बसलाय. केलचा पाला घालून सूप केलंय, आईसारखं, पातळ. तीन वाट्या काढल्या आहेत.

तुझा कोट तिथे खुर्चीवर राहिला होता. मी घेऊन आले. खाली माझ्या दाराच्या खिळ्याला टांगलाय. न्यायचा असेल तर ये. न्यायचा नसेल तरी ये.

तुझी धाकटी,
इल्दा