कचऱ्यातली दोनशे एकतीस घड्याळं

३ फेब्रुवारी, सोमवार

तिने फळा वाचला! थांबून, शेवटपर्यंत वाचला.

दुकानाबाहेरच्या फळ्यावर मी रोज खडूने 'आजची टीप' लिहितो. दादाला — म्हणजे मावसभाऊ, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या या दुकानाचा मालक आणि माझा छळवादी — वाटतं गिऱ्हाइकांसाठी लिहितो. गिऱ्हाइकं गेली खड्ड्यात. पलीकडच्या घड्याळजींची मुलगी सव्वानऊला इथून जाते, तिच्यासाठी लिहितो. आजची टीप : 'कॉम्प्युटर रांगतोय? रिसायकल बिन रिकामी करा. केर साठवून कुणाचं भलं झालंय?' शेवटच्या वाक्याला हसली. शपथ.

कॉलेज सोडल्यापासून माझं लिहिलेलं पहिल्यांदाच कुणी पूर्ण वाचलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादाशी भांडण. कारण लिहिण्यासारखं नाही. माउस भिंतीवर आपटला — मीच. नवा होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ती आली! रिक्षातून बाबांचा कॉम्प्युटर घेऊन. फार हळू चालतो म्हणाली. बाबांना दिसायचं कमी झालंय, ताटकळत बसणं जमत नाही. "तुमच्या फळ्यावर होतं ना, तसं करून द्या."

तुमच्या फळ्यावर. तुमच्या.

पंख्यातली धूळ ब्रशने काढली. नको असलेले प्रोग्रॅम उडवले. रिसायकल बिनमध्ये दोनशे एकतीस फायली होत्या, दादाला हाक मारून दाखवल्या — बघ, माणसं केर कसा जपतात! एक क्लिक. रिकामी. मग इंटरनेटवरून नवा अँटिव्हायरस उतरवायला लावला आणि शीळ घालत चहाला गेलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी ती न्यायला आली. मी ऐटीत चालू करून दाखवला. हरणासारखा पळत होता. तिने पडद्यावरच्या त्या कचरापेटीवर बोट ठेवलं. "बाबांच्या फायली इथे असतात."

मला आधी गंमत वाटली. मग तिने सांगितलं. घड्याळजी चार वर्षं रोज टाइप करतायत. हातून गेलेलं प्रत्येक अवघड घड्याळ — कुठे अडतं, कसं उघडायचं, काय केलं की कायमचं बिघडतं. एकेका घड्याळाची एकेक फाईल, लिंबाएवढ्या अक्षरांत. दोन्ही डोळ्यांचे पडदे विरत चाललेत, डॉक्टरांनी नजरेला सहा महिने सांगितलेत. फाईल लागली की पेटीतून काढतात, काम झालं की परत टाकतात. का, ते त्यांनाच ठाऊक.

दादाने मागून माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाला, व्हायरस असणार. आणि मीही म्हणालो — व्हायरस.

तिचा चेहरा उतरला. परवा मैत्रिणीचा पेनड्राइव्ह तिनेच लावला होता म्हणे. म्हणजे तिच्यामुळेच झालं.

मी फक्त कॉम्प्युटर बंद केला, डिस्क काढली आणि म्हणालो, बघतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

तिने घरी सांगून टाकलं की चूक तिची. सकाळी सव्वानऊला गेली ती मान खाली घालून. फळा कोरा होता, पण तिने तिकडे बघितलंच नाही.

अकराला घड्याळजींच्या दुकानात गेलो. दादा मागून ओरडत होता, गधड्या, दुकान बुडवशील. बुडू दे! काउंटरला धरून उभा राहिलो आणि एका दमात सांगितलं : काका, व्हायरस नव्हता. मी पुसलं. तिचा काही संबंध नाही.

मला शिव्या हव्या होत्या. शिव्या आल्या की मला बरं वाटतं, उलट देता येतात. काकांनी कोपऱ्यातला गंजका केराचा डबा चाचपत उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. वर कागदाचे बोळे, त्याखाली मखमलीत गुंडाळलेले सुटे भाग. केसाएवढ्या स्प्रिंगा, मोहरीएवढे माणिक.

"दोनदा कुलूप फोडलं चोरांनी. गल्ला नेला, कपाट नेलं. केराला कुणी हात लावला नाही." मग म्हणाले, "तू चोरांपेक्षा टापटिपीचा निघालास."

ती आतल्या दारात उभी होती. सगळं ऐकलं तिने. माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर पडताना पायरी चुकलो.

९ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद. मी एकटा आणि ती डिस्क.

हे मला माहीत होतं. परीक्षेतही लिहिलं होतं, दोन मार्क मिळाले होते. पण आज *पाहिलं*. पुसलेली फाईल जातच नाही! डिस्क फक्त विसरते की ती कुठे आहे. जागेवर 'रिकामी' अशी पाटी लागते आणि आत माणूस बसलेलाच असतो, श्वास रोखून, दुसरं कुणी अंगावर येऊन बसेपर्यंत. म्हणून तर चुकून काही पुसलं की पहिली गोष्ट : हात मागे घ्या. काही उतरवू नका, काही साठवू नका. यंत्र बंद! आणि मी काय केलं? अँटिव्हायरस उतरवून चहाला गेलो.

डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. शोधणारा प्रोग्रॅम एका टोकाने चालू लागला. तासभर शून्य. मग एक. मग सात. मग धडाधड — मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो! एकटाच, उभा, हात जोडल्यासारखे काहीतरी झालेले.

दोनशे सतरा. चौदा नाही मिळाल्या. त्या माझ्या अँटिव्हायरसखाली गेल्या.

मिळाल्यात त्यांची नावं गेलीत, नुसते आकडे उरलेत. कोणतं घड्याळ कोणतं, ते कळायला उघडून वाचावी लागणार. एक वाचली : 'हे पोस्टमनचं. हा माणूस डावखुरा आहे, चावी देताना दांडा वाकडा ओढतो. दांडा बदलू नये, माणूस बदलत नाही. भोक किंचित मोठं करावं.'

दहा वेळा वाचलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

काकांपुढे बसून प्रत्येक फाईलची पहिली ओळ वाचली. पहिल्या चार शब्दांत ओळखायचे — हे मास्तरांचं, हे बेकरीवालीच्या सासूचं, हे पाण्यात पडलेलं. कागद नाही, यादी नाही. दोनशे सतरा संपल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि राहिलेली चौदा एकामागोमाग एक सांगितली, जणू घरी न परतलेल्या मुलांची नावं. चौदावं चौकातल्या टॉवरचं. ते त्यांच्याशिवाय कुणालाही उघडता येत नाही. बावीस पानं होती.

मी म्हणालो, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. रोज दुपारनंतर. फुकट.

फुकटचं मी घेत नाही, म्हणाले, पण बस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चौदातली तीन झाली. काका बोलताना बोटं हवेत फिरवतात, हवेत स्क्रू असल्यासारखी, आणि मला तो स्क्रू दिसतो! खरंच दिसतो. कॉलेजात दीड वर्षात काहीही दिसलं नव्हतं.

तिने चहा ठेवला. साखर विसरली. मी दोन कप प्यालो.

सगळ्या फायलींच्या तीन प्रती केल्या. एक माझ्याकडे, एक तिच्याकडे, एक काकांच्या आग्रहाने पेनड्राइव्हमध्ये — आणि तो त्या डब्यात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा झाली. दादा म्हणतो, अर्धा दिवस तिकडेच असतोस तर पगारही तिकडूनच घे. मी भांडलो नाही. मला टॉवरच्या लंबकाचं पडलं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिला नोकरी लागली, लांबच्या गावी. आज दाराशी थांबवून सांगितलं. मग पायरीकडे बघत विचारलं, "शनिवारी सातची गाडी आहे. स्टँडवर याल?"

याल का, काय विचारतेस! निळा शर्ट. नाही, पांढरा. आईला इस्त्री करायला सांगितलं तर म्हणाली, एवढ्यात कुणाचं लग्न आहे? काय बोलायचं ते चार प्रकारे लिहून बघितलं, चारही फाडले. समोर उभी राहिली की जे येईल ते बोलणार. सगळंच बोलणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

टॉवरचं घड्याळ, अकरावं पान. सहाला ती बॅग घेऊन तिच्या मावशीबरोबर निघाली. मी पांढऱ्या शर्टात टाइप करत होतो. म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, एवढं वाक्य संपवून आलोच.

वाक्य संपलं तेव्हा सोळावं पान चालू होतं आणि साडेसात वाजले होते. भिंतीवर तीस घड्याळं टिकटिकतायत, आणि मी एकदाही वर बघितलं नव्हतं.

"गेली गाडी," काका म्हणाले.

गेली, मी म्हणालो. बोटं परत कीबोर्डवर ठेवली. मग मीच विचारलं — लंबकाचा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा?