म्हातारा दवाखान्यात पोचला ना?

प्रिय दादा, आणि दादाच्या आत कायम खडू घेऊन उभे असलेले सर,

तुझा मेसेज चष्म्याच्या दुकानात, कामावर असताना मिळाला. मी एका आजोबांच्या नाकावर डोळे तपासायची ती जड फ्रेम चढवत होते, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. मेसेज कसला, उत्तरपत्रिकाच तपासून पाठवली होतीस. त्यात मुद्दे होते, उपमुद्दे होते, शेवटी निष्कर्ष होता. लाल शाईतली सही तेवढी राहिली होती. माझी किडनी तुला चालते हे कळून आठवडा झाला नाही, तोवर तू तिची समीक्षा करून मोकळा झालास.

तुझ्या मते मी ती तीन कारणांनी देतेय. बाबांच्या आजारपणात मी नव्हते, त्याचा सल. मग थोरवीची हौस, म्हणजे चार लोकांनी 'बहीण असावी तर अशी' म्हणावं. आणि तिसरं, जे तू फार जपून लिहिलंस आणि म्हणूनच जास्त लागलं: एकट्या राहणाऱ्या बाईला कुणाच्या तरी आयुष्यात कायमची जागा हवी असते, मग ती शरीरात मिळाली तरी चालते. 'अशा हेतूंनी दिलेलं मी घेणार नाही,' हा शेवट. मी फोन उपडा ठेवला आणि आजोबांना म्हटलं, 'वाचा.' त्यांनी तीन ओळी वाचल्या. बरोबर वाचल्या की चूक, देव जाणे. मी त्यांना परत वाचायला लावल्या, तर म्हणाले, 'बाई, डोळे माझे तपासायचेत की तुमचे?'

मला राग आलाय. रोजनिशीत चार दिवस त्याची उलटतपासणी केली, तरी तो हलला नाही, तेव्हा आता खुशाल रागातच लिहिते.

तुझ्या वर्गातलं ते वर्ष तुला आठवतं का? घरी 'दादा' आणि वर्गात 'सर', असा आपला करार होता. मी एकदा भर वर्गात 'दादा, प्रश्न परत सांग ना' म्हणाले आणि सगळी बाकं खिदळली. त्या वर्षी तू आम्हाला ती बसड्रायव्हरची कादंबरी शिकवत होतास. ज्या मालकाने त्याला कामावरून हाकललं, त्याच मालकाला, म्हातारा आणि एकाकी झाल्यावर, तो दर आठवड्याला दवाखान्यात घेऊन जातो. आम्ही सगळे ड्रायव्हरच्या प्रेमात. तू फळ्यावर दोनच प्रश्न लिहिलेस. नायकाला काय हवंय म्हणून तो सांगतो? आणि त्याला खरंच काय हवंय? मग तासभर तू त्या ड्रायव्हरला सोललंस. तो आरशातून मागच्या सीटकडे किती वेळा बघतो, म्हाताऱ्याचा हात थरथरला की गाडी मुद्दाम कशी सावकाश नेतो. ही सेवा नाही, म्हणालास, हा सूड आहे. त्याला त्या माणसाचं लाचार होणं रोज जवळून बघायचंय. वर्ग गार. मीही गार. तू शिकवायचास तेव्हा असंच व्हायचं, एखादा माणूस पुस्तकातून उठून बाकावर शेजारी येऊन बसायचा आणि त्याच्या घामाचा वास यायचा. ते मी कुणाला नाकारू देणार नाही, आज तुलाही नाही.

पण मी हात वर केला होता. म्हटलं, 'सर, म्हातारा दवाखान्यात पोचला ना?' सगळे हसले. तूही हसलास. म्हणालास, 'पोचणं हा कथानकाचा भाग झाला, आपण हेतूबद्दल बोलतोय.' मग मी निबंधातही तेच लिहिलं, पोचण्याबद्दल. तू वीसपैकी अकरा दिलेस आणि समासात लिहिलंस, 'नायकावर इतका विश्वास बरा नव्हे.' घरी आल्यावर मला लिमलेटची गोळी खायला दिलीस आणि म्हणालास, 'शेपटे, तू वाचत नाहीस, तू माणसांच्या मागे मागे जातेस.' खरंच होतं ते. लहानपणापासून तुझ्या मागे जात होते, म्हणून तर शेपूट हे नाव पडलं.

तर तुझ्याच पद्धतीने आता मी मला सोललं. रोजनिशी उघडून तुझे तीन आरोप एकेक करून घेतले, आणि सांगते, तिन्हींत तथ्य आहे. चार लोकांनी कौतुक केलं तर मला आवडेल. दुकानातल्या मुलींना सांगताना माझा आवाज किंचित खाली गेला होता, आणि थोर माणसांचा आवाज असाच खाली जातो हे माझ्या लक्षात आलं होतं. एकटेपणाचंही खरं. घरी गेल्यावर दिवा मीच लावते, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. शिवाय तुझ्या नजरेतून निसटलेलं चौथं कारणही मला सापडलं. ज्याने मला अकरा मार्क दिले त्याला आता माझी गरज आहे, याचा मला आनंद होतो. बारीकसा, हलकट आनंद. हे तुला दिसलं नाही, सर. तुमचेच मार्क कापते.

हे सगळं मी हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनाही सांगितलं. दात्याला त्यांच्याशी एकटीनेच बोलावं लागतं, नातेवाईक बाहेर. खोलीत दोन खुर्च्या, एक टिश्यूचा डबा आणि कुंडीत प्लॅस्टिकचं झाड, ज्याला कुणीतरी इमानेइतबारे पाणी घातल्यामुळे खालची बशी भरली होती. त्यांनी विचारलं, 'का द्यायची आहे?' मी चारही कारणं सांगितली, पोटकलमांसकट. त्या म्हणाल्या, 'अहो हळू, मला लिहून घेऊ द्या. इथे लोक एकच कारण पाठ करून येतात, त्याची सवय झालीय मला.' मला आमच्याकडचा एक ट्रकवाला आठवला. त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून त्याने अक्षरांच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ पाठ केली होती, आणि मी दिवा लावायच्या आधीच घडाघडा म्हणून टाकली. मग मीही हसले, त्याही हसल्या.

पुढचा प्रश्न मात्र त्यांनी हसत विचारला नाही. यातलं कुठलं कारण नसतं, तर तुम्ही दिली नसती?

दादा, आमच्या तपासणीच्या फ्रेमला खाचा असतात. खाचेत एकेक काच घालायची, काढायची, आणि समोरच्याला विचारायचं, आता कसं दिसतं? मी तिथे बसून तेच केलं. सलाची काच काढली. कौतुकाची काढली. एकटेपणाची काढायला वेळ लागला, ती जाड आहे. अकरा मार्कांचीही काढली. दर वेळी स्वतःला विचारलं, आता? दर वेळी उत्तर तेच आलं, देईन. मग काही काच उरलीच नाही, आणि समोर तू होतास, सुजलेल्या पायांत वहिनीने आणलेल्या दोन नंबर मोठ्या चपला घालून बसलेला, कारण तुझ्या तुला होत नाहीत. बाईंना म्हटलं, 'नाही. कुठलंही कारण नसतं तरी दिली असती. का ते मला माहीत नाही.' त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

आता माझी पाळी. फळ्यावरचे दोन प्रश्न आज तुला. तुला काय हवंय म्हणून तू सांगतोस? शुद्ध हेतूची किडनी. आणि खरंच काय हवंय? मी पहिल्या पगारातून तुला घड्याळ घेतलं होतं. आठ दिवसांत तू माझ्यासाठी त्याहून भारी घड्याळ घेऊन आलास, आणि माझं दिलेलं कपाटात गेलं. बाबा आजारी पडले तेव्हा तू मला शेवटच्या आठवड्यात कळवलंस. 'तुझी नोकरी नवी होती, उगाच त्रास कशाला.' आज तू मला माझ्या नसण्याचा सल लावतोस. दादा, मला नसायला तू लावलंस! कुणी बरोबरीने खांदा लावलेला तुला सोसत नाही. वहिनी परवा सांगत होती, डायलिसिसच्या खुर्चीत तू थंडीने कुडकुडतोस, पण नर्सने पांघरूण आणलं की म्हणतोस, 'नको, ठीक आहे.' वहिनीने घरून शाल नेली तर ती शेजारच्या पेशंटला दिलीस. ती म्हणाली, 'तुझा भाऊ मरेल पण उपकाराखाली मरणार नाही.' म्हणाली हसत, पण वाक्य संपल्या संपल्या फोन ठेवून दिला.

तू शिकवलेल्या कादंबऱ्यांतल्या प्रत्येक नायकाचा दोष तू आम्हाला दाखवलास. कुणी लोभी, कुणी भित्रा, कुणी स्वतःच्या चांगुलपणावर भाळलेला. एक जात मात्र तू कधी शिकवली नाहीस. ज्याला घेता येत नाही, असा नायक. आयुष्यभर देत सुटतो, सगळ्यांना वाटतं काय उदार माणूस, आणि आत मात्र एकच धास्ती, आपल्या हातात कुणी काही ठेवलं तर आपण लहान होऊ. त्या ड्रायव्हरच्या गोष्टीत तू कायम पुढच्या सीटचा विचार केलास. मागच्या सीटवर बसणाऱ्या म्हाताऱ्याला काय वाटत असेल, हे एकदा तरी विचारलंस? ज्याला आपण हाकललं त्याच्या गाडीत दर आठवड्याला चढायचं, आरशातली त्याची नजर सोसायची, आणि तरी चढायचं. मला आता वाटतं, नायक तोच होता. तो चढत होता.

मला चूक ठरव. जरूर ठरव. मी चूक असू शकते, तुझ्याबद्दलही आणि माझ्याबद्दलही. रोजनिशीत या ओळीखाली प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. पण चूक ठरवायला तुला जिवंत राहावं लागेल.

हे पत्र तुला पटवायला लिहिलेलं नाही. काल समुपदेशक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्या भावाने इथे कळवलंय की बहीण अपराधी भावनेतून हे करतेय, तिच्या मनावर दडपण आहे, तिला थांबवा. त्यामुळे फाइल अडलीय. दादा, मला मेसेज पाठवलास ते मी समजू शकते. पण माझं बोट धरून माझ्याच तोंडून 'नाही' म्हणवून घेशील, असं वाटलं नव्हतं. बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ऑपरेशनच्या टेबलापर्यंत मी कधीही माघार घेऊ शकते, कुणाला कारण द्यावं लागणार नाही. तोच हक्क तुलाही आहे, आणि तो मी मानते. नाही म्हणायचं तर म्हण. पण तुझ्या कारणाने म्हण, माझ्या कारणांच्या आड लपून नको. बुधवारी सकाळी त्यांनी आपल्या दोघांना एकत्र बोलावलंय. मी रजा टाकली आहे, गाडी सांगितली आहे, आणि वहिनी तुला दारापर्यंत आणणार आहे. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसेन. मागची सीट तुझी. चढायचं की नाही ते तू ठरव. आरशातून बघणार नाही, शब्द देते. चढलास तर वाटेत आभार मानू नकोस. आणि बरा झाल्यावर आठ दिवसांत माझ्यासाठी घड्याळ घेऊन आलास, तर बघच.

तुला न विचारता जन्माला आलेलं, तुला न विचारता मागे लागलेलं, तुझंच

शेपूट