समीक्षासाठी ‘ड्रॉप इन’

३ फेब्रुवारी, सोमवार
समीक्षाची, म्हणजे आमच्या सौ.ची, जिल्हा सहकारी बँकेतली ऑफिसरची परीक्षा सोळा तारखेला आहे. तिला घरात फक्त शांतता हवी आहे. शांतता देणारच, शिवाय इंग्रजीही शिकवणार. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालो, ते कधीतरी उपयोगी पडायला हवं. पद्धत ठरवली : एकच फ्रेजल व्हर्ब, पण मुळापासून. ‘ड्रॉप इन’. म्हणजे न कळवता, सहज, थोड्या वेळासाठी कुणाकडे डोकावणं. माणूस असेल तर पुढे ‘ऑन’, जागा असेल तर ‘अ‍ॅट’. समीक्षा ‘छान’ म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. एकाग्रता उत्तम.

५ फेब्रुवारी
वापरल्याशिवाय भाषा मुरत नाही. संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर भेटेल त्याला म्हटलं, ‘डू ड्रॉप इन!’ शेजारचे गंगारामकाका (जन्म बोटीवर गेला) म्हणाले, कधी येऊ? मी म्हटलं, तेच विचारायचं नसतं!
शंका : हे आमंत्रण झालं का? नाही. हा केवळ वाक्यात उपयोग.

८ फेब्रुवारी, सकाळ
गंगारामकाका आले. अर्थ पोचला म्हणायचा.

दुपार
अजून आहेत. चूक माझी. जेवणाची वेळ झाली तसं मीच म्हटलं, आता जेवूनच जा. रत्नागिरीत दुसरं काय म्हणणार? पण मग ‘थोडा वेळ’ हा अर्थ टिकत नाही. विचार करायला हवा. समीक्षाने सुरमई तळली, पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून. जिद्दी आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
ऑफिसातला दीपेश, बायको-मुलांसह. मागोमाग आमच्या मासेवाल्या गुणवंतीबाई, सुनेला घेऊन. म्हणाल्या, तुमीच बोलवलंव, मग यायचं नाय व्हय? सगळ्यांना जेवूनच जा म्हटलं. समीक्षाने आत बोलावून विचारलं, अहो, ह्यांना बोलावलं कुणी? मी म्हटलं, व्याकरणदृष्ट्या कुणीच नाही.
ती पिशवीत पुस्तकं भरून जवळच्या पावस गावाला रुपालीकडे, तिच्या मैत्रिणीकडे निघाली. तिला कळवलंस का, विचारलं. म्हणाली, नाही, सहजच जातेय. उदाहरण किती अचूक! थोडा वेळच ना, विचारलं. तिने रिक्षा थांबवली.

१२ फेब्रुवारी
समीक्षा परीक्षेपर्यंत पावसलाच. गंगारामकाका रोज येतात. आमटी पातळ झाली म्हणाले.

१६ फेब्रुवारी
परीक्षा झाली. सगळा पेपर मराठीत होता. आधी विचारायला हवं होतं, हे मान्य. पण इंग्रजीने मेंदू तल्लख होतो.

२४ मार्च
समीक्षा पास! माझ्या पद्धतीला यश. पोस्टिंग मात्र मंडणगडला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बँकेला माणुसकी नाही. वरच्या साहेबांना कडक पत्र लिहितो म्हटलं. ती म्हणाली, लिहू नका, मंडणगड मीच मागून घेतलंय. खोलीही बघून ठेवली आहे. आजूबाजूला कुणी नाही, फार शांत आहे.
शनिवारी येऊ का, असं मराठीतच विचारलं.
विचार करून सांगते, म्हणाली.