मनगटावरचा पट्टा

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. करोल बाग, दिल्ली.

मूर्खपणा झाला. मानेसरच्या पुढे बंद पडलेल्या त्या वॉटरपार्कचा प्रवेशाचा पट्टा मी स्वतःच्याच मनगटावर चढवला. केशरी, प्लास्टिकचा, एकदाही न वापरलेला. त्याच पार्कची जुनी तिकिटं, नकाशे, तिथल्या रिसॉर्टच्या किल्ल्या असं पाच वर्षं जमवतेय, पण पट्टा नव्हता. आज तिथल्या जुन्या तिकीटवाल्या अंकलनी घरातून शोधून दिला. खोलीवर येऊन म्हटलं, कसा दिसतो बघू. खट्कन लॉक बसला. असले पट्टे कापल्याशिवाय निघत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

साबण लावला, तेल लावलं. शबाना, माझी लातूरची रूममेट, कात्री घेऊन उभी राहिली. "काप ना यार. यूपीएससीच्या अभ्यासापेक्षा तू त्या पार्कचाच इतिहास जास्त वाचलायस."

खरंच आहे. म्हणूनच राग आला.

तेवढ्यात बाबांचा फोन. नेहमीसारखे ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाळा, दमली असशील तर ये घरी. कुणी काही विचारणार नाही."

मी पट्ट्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. बैंड कटने पर दोबारा प्रवेश नहीं.

"हा शेवटचा अटेम्प्ट देते, बाबा." गेल्या वर्षीही हेच म्हटलं होतं.

कात्री अजून टेबलावर आहे. मी स्वेटरची बाही पट्ट्यावरून खाली ओढून घेतली आहे.