ती परत येते का?

३ जून
आजच्या टपालात सोळा पत्रं. अकरांत एकच प्रश्न — माझ्या कादंबरीचा दुसरा भाग कधी? एका निवृत्त कारकुनाने तर दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण स्वतःच लिहून धाडलंय. नायिकेला नोकरी लावलीय, वर बढतीही दिलीय! हसून हसून पुरेवाट झाली.
कादंबरीवर सिनेमा काढणाऱ्या दिग्दर्शकाचाही फोन आला. "मॅडम, पुस्तकात जाऊ दे तिला घर सोडून. पडद्यावर परत आणू या."
म्हटलं, "ती जाते, तिथेच कादंबरी संपते. परत आली तर उरलं काय?"
"प्रेक्षक," तो म्हणाला. लबाड!

९ जून
एका बस ड्रायव्हरचं पत्र. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको घर सोडून गेली. भांडण नाही, तंटा नाही. ओट्यावर माझं पुस्तक ठेवून गेली. आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पुस्तक वाचलं म्हणतो, डेपोत, दोन फेऱ्यांच्या मध्ये.
'बाई, तुम्हीच लिहिलंय म्हणजे पुढचं तुम्हाला ठाऊक असणार. ती परत येते का, एवढंच कळवा.'
दुपारपासून चार कागद फाडले.

१० जून
लेकीला पत्र दाखवलं. म्हणाली, "आई, खोटं लिहू नकोस. पण दगड मारल्यासारखंही लिहू नकोस."
सांगायला काय जातंय!
शेवटी लिहिलं — मलाही ठाऊक नाही.

१९ जून
त्याचं उत्तर आलं. 'तुम्हालाच ठाऊक नाही म्हणजे कमाल झाली!' आणि खाली, बारीक अक्षरात — 'तुमच्या गोष्टीतला नवरा बावीस वर्षांत बायकोला एकदाही विचारत नाही, तू जेवलीस का. मी ते पान वाचलं आणि बस पाच मिनिटं उशिरा सोडली. मीही कधी विचारलं नव्हतं.'
हा माणूस वाईट नाही. उमगायला उशीर झाला, इतकंच.

२० जून
दिग्दर्शकाला स्वतः फोन केला. "आणा तिला परत. पण तो प्रसंग मी लिहीन."
तो इतका खूश झाला की मलाच शरम वाटली.

२६ जून
लिहिला. ती दारात उभी. नवरा विचारतो, "जेवलीस का?" बस्स.
ड्रायव्हरला कळवलं — सिनेमात ती परत येते.

४ जुलै
त्याचं कार्ड. सगळ्या डेपोला सांगून झालंय! घराला रंग काढलाय. पेपरातही बातमी आली — 'सिनेमात नायिका परतणार'.
बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय.

११ जुलै
एका बाईचं पत्र. नाव नाही.
'पेपरात वाचलं. बाई, हात जोडते, तिला परत आणू नका. तुमची ती गेली म्हणून मला जायचं धाडस झालं. आमचे हे बस चालवतात. मारझोड नाही, व्यसन नाही. म्हणून तर निघायला इतकी वर्षं लागली. आता शिवणाच्या कारखान्यात आहे. स्वतःची खोली आहे. तीच परतली, तर मला सगळे विचारतील — मग तू का नाही?'
उत्तरासाठी खाली पत्ता दिलाय. माझ्यावर विश्वास टाकून.
आता माझ्याकडे दोघांचेही पत्ते आहेत.