कोंडाजी परत येत नाही

प्रिय वसंता,

तुझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण आज दुपारी टपालात टाकून आले. पुढच्या महिन्यात ते पुण्याच्या मासिकात छापून येईल. खाली तुझं नाव असेल आणि आतला एक शब्दही तुझा नसेल. तू असतास तर घर डोक्यावर घेतलं असतंस. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा सख्ख्या बहिणीकडूनच ऐक.

सुरुवात कशी झाली, आठवतं? दिवसभर विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायचास आणि संध्याकाळी बसवनगुडीच्या आपल्या ओसरीवर बसून मुलांसाठी जादूच्या गोष्टी रचायचास. पहिल्या गोष्टीतला तुझा मांत्रिक नुसता हात हलवायचा, की डोंगर बाजूला! मी म्हटलं, "मग राक्षसाला पहिल्याच पानावर मार की. बाकीची पानं कशाला?"

तू रुसलास. पोरीचा बाप झालेला माणूस, आणि रुसला! "मग तूच कर नियम, मास्तरीणबाई," म्हणालास.

केले. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला एवढं कळतं, की काही घडवायचं तर काही खर्ची पडतं. तुझ्या जगातल्या मांत्रिकांना आपण 'जाणते' म्हटलं. जाणत्याला मंत्र चालवायचा असेल, तर त्यानं आवडतं काहीतरी कायमचं सोडायचं. पाऊस थांबवायला गुळाची चव, भिंत पाडायला एखादं लाडकं गाणं. आपली आई काशीला जाऊन कारलं सोडून आली होती ना? जन्मात कधी कारल्याला हात लावला नव्हता बाईनं! म्हणून दुसरा नियम: नावडतं सोडलेलं चालणार नाही. आणि तिसरा: मेलेलं माणूस परत येणार नाही, कुणी कितीही काही सोडलं तरी.

पुढे त्या गोष्टींची मासिकात महिन्याला एक प्रकरण अशी कादंबरी झाली, आणि त्या नियमांमुळे तुझी मैना, ती चिमुरडी जाणती, मुलांना खरी वाटली. तुझ्या प्रतिभेमुळे नव्हे. हे तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं. तुझं डोकं जरा ठिकाणावर राहिलं असतं.

मग तू आजारी पडलास. हात थरथरायला लागले. तू सांगायचास, मी लिहून घ्यायची. शेवटच्या आधीच्या प्रकरणात मैनेचा म्हातारा गुरू कोंडाजी मरायला टेकला, आणि तू त्याच्या तोंडी घातलंस, "रडू नकोस, मैने. तू पुरेसं सोडलंस, तर मी परत येईन."

मी लेखणी खाली ठेवली. "हे नियमात बसत नाही."

"अक्का, स्वल्प ढील दे की."

"मुलं खरं मानतील, वसंता."

"मानू देत. मला बरं वाटतंय ऐकायला."

तुला बरं वाटलं! उंबऱ्यात तुझी सुमा बसली होती, मांडीवर शेंगांची परडी घेऊन. ती शेंग फोडायची थांबली, ते मला दिसलं. तुला दिसलं नाही? का दिसलं, म्हणूनच बोललास? तुझी बायको कमल मला डोळ्यांनी खुणावत होती, आजारी माणसाशी वाद नको म्हणून. मी लिहिलं.

तू गेलास. ते प्रकरण तुझ्यामागे छापून आलं. सुमानं वाचलं आणि कार्तिकात बसवण्णाच्या देवळापाशी भुईमुगाची जत्रा भरली, तेव्हा एका शेंगेला हात लावला नाही. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. मग शेजारच्या रुक्मिणीशी खेळणं थांबलं. मग दूध सुटलं, दोसा सुटला. शेवटी भात.

"भात का नको?"

"मला तो सगळ्यात आवडतो, म्हणून," ती म्हणाली. "कारलं सोडलेलं चालत नाही, आत्या."

त्या क्षणी तू समोर असतास, वसंता, तर मी तुझ्या आजाराचीही गय केली नसती.

मी स्पष्ट सांगितलं, "तुझे बाबा येणार नाहीत. गेलेली माणसं येत नसतात."

"मग कोंडाजी कसा येणार? बाबांनी सांगितलं. आणि तूच लिहिलंस!"

मी तिला थप्पड मारली. ती रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "मग तुलापण सोडते." त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. आवडतंच सोडायचं, हा नियम माझाच.

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोरगी अंथरूण धरेल. कमल देवापुढे बसून रडायची. रडून पोरीच्या पोटात भात जात नाही. मी कागद घेऊन बसले.

माझ्या प्रकरणात मैना सगळं सोडते. कोंडाजी येत नाही. तिला कळतं, की म्हाताऱ्याला मरायची भीती वाटत होती, म्हणून तो एका लहान मुलीशी खोटं बोलला. जादू झालीच नाही. आणि न झालेल्या जादूची किंमत कुणी घेत नाही, म्हणून त्याच्यापायी सोडलेलं सगळं मैनेला परत मिळतं. रसायनशास्त्रातही तसंच असतं. क्रिया झालीच नाही, तर भांड्यात घातलेलं भांड्यातच राहतं.

कागद सुमापुढे ठेवले. म्हटलं, "हे बाबांनी जायच्या आधी सांगून ठेवलं होतं." अक्षर माझं, पण ते तर नेहमीच माझं असायचं.

तिनं वाचलं. "हे बाबा म्हणाले?" किती दिवसांनी बोलली माझ्याशी!

"हो."

"कोंडाजी खोटं बोलला, असं बाबा स्वतः म्हणाले?"

"स्वतः."

तिनं कागद भिरकावले. "मग बाबापण खोटारडे!"

"बापाला असं म्हणू नये गं," कमल कळवळली.

"म्हणू दे," मी म्हटलं. "तू ताट वाढ."

ती जेवली, वसंता. भात आणि त्यावर आंबटतिखट सारू, नाक ओढत, हुंदके देत, मधूनमधून तुला 'खोटारडे, खोटारडे' म्हणत. जेवून उठली आणि तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी तो सरळ केलेला नाही. करणारही नाही. तिला वाटेल तेव्हा ती करेल.

तुझ्यावर अन्याय झाला? झाला असेल. तू मेलास, तुला तो सोसवेल. माझ्यावर तिनं विश्वास टाकायला हवा, कारण उद्या सकाळी तिची वेणी घालून तिला शाळेत मला पोचवायचं आहे.

वचन देते: ते प्रकरण कुणी लिहिलं, हे मी तिला कधी सांगणार नाही. ती मोठी होईल, तिला लेकरं होतील, तुझ्या आठवणीनं एखाद्या दिवशी डोळे पुसत विचारेल, "आत्या, बाबा खरंच तसं म्हणाले होते?" तेव्हाही मी तिच्या डोळ्यांत बघून 'हो' म्हणेन.

तुझी,
अक्का